मॉरिस वर्ममधला बग नेमका कोणता? 'सातात एक', की आणखी काही?

बिनधास्त_बिट

१९८८ च्या मॉरिस वर्मबद्दल (वर्म म्हणजे नेटवर्कवरून आपणहून पसरणारा प्रोग्राम) जिथे तिथे एकच वाक्य वाचायला मिळतं: कोडमधल्या चुकीमुळे तो आवरेनासा झाला. चूक म्हणजे तो 'सातात एक'चा नियम: मशीनवर आधीच वर्म असला तरी सातांतला एक नवा वर्म तिथे राहायचाच. पण तो नियम तर मुद्दाम घातला होता ना? मग त्याला बग का म्हणायचं? सातच्या जागी सातशे असते तर मशीन वाचली असती का?

दुसरी शंका. फिंगरडी (वापरकर्त्यांची माहिती नेटवर्कवरून सांगणारा युनिक्स प्रोग्राम) याचा बफर, म्हणजे आलेला मजकूर ठेवायची मेमरीतली जागा, ५१२ बाइटचा आणि वर्मने पाठवले ५३६. वरचे २४ कशासाठी?

आणि नंतरच्या गाजलेल्या वर्मनी अशी स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती का?

जुना_कंपायलर

२४ बाइटचं आधी, कारण ते सरळ आहे. फिंगरडीच्या मेन फंक्शनमध्ये ५१२ बाइटचा अ‍ॅरे स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या कामाच्या मेमरीत) होता आणि आलेली ओळ वाचायला सी भाषेतलं गेट्स हे फंक्शन वापरलं होतं. गेट्सला बफर केवढा आहे ते सांगायची सोयच नाही. ओळ संपेपर्यंत ते ओतत राहतं. व्हॅक्स या त्या काळच्या संगणकावर स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो, त्यामुळे बफरबाहेर सांडलेले बाइट मेनच्या स्टॅक फ्रेमवर जाऊन पडतात. फंक्शन संपल्यावर कुठे जायचं तो परतीचा पत्ता तिथेच असतो. वरचे २४ बाइट ती फ्रेम नव्याने लिहून परतीचा पत्ता बफरच्याच पोटात वळवायला होते.

बफरच्या सुरुवातीला ४०० नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या सूचना. उडी थोडी मागेपुढे पडली तरी प्रोसेसर त्यांच्यावरून घसरत खऱ्या कोडपर्यंत पोचतो. तो कोड इवलासा: शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) चालू कर, एवढंच. फिंगरडीचं इनपुट-आउटपुट आधीच नेटवर्कला जोडलेलं, त्यामुळे ते शेल आयतंच पलीकडच्याच्या हातात. गंमत अशी की मेन रिटर्न होईपर्यंत काहीच घडत नाही. शेवटी रिटर्नऐवजी एक्झिट (परतीचा पत्ता न वापरता प्रोग्राम थेट संपवणारं) लिहिलेलं असतं तर नेमकी ही युक्ती फसली असती.

हा कोड व्हॅक्सचा. सन-३ या दुसऱ्या जातीच्या मशीनवर तोच मजकूर गेला की फिंगरडी कोअर डंप (मेमरीची प्रत) टाकून मरायची, पण शेल मिळायचं नाही. सन मशीन सापडली ती सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या आणि पासवर्डच्या दाराने. सेंडमेलमध्ये डीबग (चुका शोधायची सोय) चालू ठेवून कंपाइल केलेलं असलं की पत्र घेणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी चक्क कमांड देता यायची. त्यात बफर सांडणं (ओव्हरफ्लो) वगैरे काही नाही, दार सताड उघडं.

पोर्ट_२३३५७

सातात एकचा नियम बग नाही, हे तुमचं बरोबर. तो निर्णय होता, आणि निर्णय चुकला. मशीनवर आलेला नवा वर्म त्याच मशीनच्या २३३५७ या टीसीपी पोर्टवर (नेटवर्क जोडणीच्या क्रमांकावर) दुसरा वर्म ऐकतोय का ते बघायचा. सापडला तर दोघं ठरलेले आकडे बोलून एकमेकांची ओळख पटवायचे आणि मग यादृच्छिक आकड्यांवरून कोण मरणार ते ठरायचं. आता एखाद्या अ‍ॅडमिनने त्या पोर्टवर खोटा वर्म बसवला तर? सगळे खरे वर्म येऊन आपणहून मरतील. त्यावर तोड म्हणून सातांतला एक वर्म ही तपासणीच करायचा नाही. एका मशीनवर ७० वेळा लागण झाली तर सरासरी १० अमर वर्म. लॅनवर शेजारची सगळी मशीन एकमेकांना टोचत असताना ७० हा आकडा काहीच नाही.

खरे बग पुढे आहेत, आणि सातशे केले असते तरी ते राहिलेच असते.

हरलेला वर्म लगेच मरायचा नाही. 'आता थांब' एवढी खूण एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि पासवर्ड फोडण्याच्या कामात बरंच पुढे गेल्यावर ती बघायचा. तोवर त्याने शेजाऱ्यांना लागण करून ठेवलेली असायची.

आणि दोन-तीन वर्म एकदम सुरू झाले तर? सगळे आधी बघतात, कोणीच ऐकत नसतं. मग सगळे पोर्ट धरायला धावतात. एकाला मिळतो, बाकीचे ऐकण्याचा नाद सोडून कामाला लागतात आणि पुन्हा कधीच तपासत नाहीत. म्हणजे सातात एकचा फासा न पडताच अमर. मशीनवर ताण वाढला की हा ओळखीचा संवादच वेळेत पुरा व्हायचा नाही, म्हणजे जितके वर्म जास्त तितकी ते मरण्याची शक्यता कमी. मशीन आडवी पाडली ती या चक्राने.

आणखी एक चूक, निरुपद्रवी पण बोलकी. पंधरांतल्या एका वेळी वर्म बर्कलीच्या एका मशीनला एक बाइट पाठवू बघायचा. बहुधा मोजणीसाठी, किंवा उगम बर्कलीत आहे असं भासवायला. सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) मात्र टीसीपीचं, म्हणजे आधी जोडणी करणारं, उघडलं आणि पाठवायला यूडीपीची, म्हणजे जोडणी न करता थेट पाठवायची, पद्धत वापरली. एकही बाइट गेला नाही.

बिनधास्त_बिट

वर्म एकदम सुरू होऊन पोर्टसाठी धावण्याचं (रेस कंडिशन) लक्षात आलं, आभार. मग रीबूट केलं की जायचा का? आणि काही मिनिटांनी प्रोसेसचा नंबर बदलायचा असं वाचलं, ते कशाला?

पोर्ट_२३३५७

जायचा. सगळा मेमरीत, डिस्कवरच्या फाइली तो स्वतःच पुसायचा. पण शेजारची मशीन साफ नसतील तर थोड्याच वेळात परत हजर.

नंबर बदलायचा फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून: पोर पुढे चालतं, बाप मरतो. युनिक्स जास्त सीपीयू खाणाऱ्या प्रोसेसची प्राधान्यता उतरवत नेतं; नवं पोर झालं की तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून. शिवाय प्रोसेसच्या यादीत नाव 'एसएच' दिसायचं, साध्या शेलसारखं, त्यामुळे नजरेत भरायचं नाही.

त्या दिवसांत एक साधा तात्पुरता उपायही फिरला होता: सी कंपायलर आणि लोडर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) यांची नावं बदला. वर्म आधी ९९ ओळींचा सी प्रोग्राम पाठवून तो तिथेच कंपाइल करायचा आणि त्याच्यामार्फत उरलेल्या फाइली आणायचा. कंपायलर सापडला नाही की गाडी तिथेच अडली.

ऑर_का_एक्झॉर

नंतरच्या वर्मनी स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारली का, या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

कोड रेड, जुलै २००१. पहिल्या आवृत्तीत यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्यापासून ते आकडे निघतात ती सुरुवातीची संख्या) कायम एकच होतं. म्हणजे प्रत्येक प्रत तेच पत्ते त्याच क्रमाने चाचपायची. लाखभर प्रती असत्या तरी सगळ्या एकाच गल्लीत. १९ जुलैला बीज बदलणारी आवृत्ती आली आणि १४ तासांच्या आत ३,५९,००० मशीन गेली. बाकी कोड जवळजवळ तोच. त्यात व्हाइट हाउसच्या वेबसाइटवर हल्ला करायचा होता, पण नावाऐवजी आयपी पत्ताच कोडमध्ये लिहिलेला. साइट दुसऱ्या पत्त्यावर हलवली, संपलं.

स्लॅमर, २५ जानेवारी २००३. माझ्या मते कारागिरी म्हणून सगळ्यात वरचा, आणि चूकही तितकीच सुंदर. वर्मचा कोड ३७६ बाइट, हेडर धरून ४०४, सगळा एका यूडीपी पॅकेटमध्ये. उत्तराची वाट बघायचीच नसल्याने वेग फक्त बँडविड्थवर: १०० मेगाबिटच्या जोडणीवर हिशेबाने सेकंदाला सुमारे ३०,००० पॅकेट. सुरुवातीला दर ८.५ सेकंदांनी संख्या दुप्पट होत होती. तो ज्या भोकातून शिरायचा ते मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्राममधलं; त्याचा पॅच (दुरुस्ती) सहा महिने आधी, जुलै २००२ मध्ये, आलेला होता.

चूक पत्ते निवडण्याच्या सूत्रात. पुढचा आकडा काढताना एक रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवण) शून्य करायचा होता. रजिस्टरचा स्वतःशीच एक्झॉर (दोन बिट वेगळे असतील तरच १) केला की शून्य येतं. इथे लिहिलं ऑर (दोनपैकी एक जरी १ असला तर १). स्वतःशी ऑर केला की होतं तेच राहतं. जुना कचरा सूत्रात मिसळला आणि आकड्यांची फेरी छोट्या-मोठ्या चक्रांत तुटली. काही मशीन मोठ्या चक्रात पडली, काही इवल्याशा चक्रात अडकून त्याच मोजक्या पत्त्यांवर पॅकेटांचा मारा करत बसली.

फायरवॉल_नको_तिथे

वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वर्मचं राहिलं. १२ मे २०१७. सुरू होताना तो एका अगम्य नावाच्या डोमेनला हाक मारायचा. उत्तर आलं तर मुकाट्याने बाहेर. ते डोमेन नोंदवलं गेलं आणि प्रसार मंदावला. इथे अनेकांचा गोंधळ होतो: असं डोमेन 'घातक' म्हणून फायरवॉलवर अडवलं तर उलटा परिणाम, उत्तर येत नाही म्हणून वर्म चालूच राहतो. नेटवर्क फक्त प्रॉक्सीतून (मध्यस्थ सर्व्हरमधून) बाहेर पडत असेल तरी तेच, कारण ती हाक प्रॉक्सीकडे बघतच नाही. अशा ठिकाणी ते नाव आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) आपल्याच एका वेब सर्व्हरकडे वळवायचं आणि तो खरंच उत्तर देतोय हे तपासायचं. नुसतं नाव सापडून भागत नाही, एचटीटीपी जोडणी व्हावी लागते. अर्थात हे पॅच लागेपर्यंतच. पॅच मार्च २०१७ चा आहे.

जुना_कंपायलर

कोणी जुना कोड दुरुस्त करायला बसणार असेल तर गेट्स काढून एफगेट्स (बफरचा आकार सांगता येणारं फंक्शन) घालताना दोन ठिकाणी ठेच लागते. गेट्स नव्या ओळीचं चिन्ह टाकून देतं, एफगेट्स ठेवतं. फिंगरडीसारख्या प्रोग्राममध्ये नुसती अदलाबदल केली तर वापरकर्त्याच्या नावाला ते चिकटून राहतं आणि 'असा कोणी नाही' असं उत्तर येतं. ते शेवटून काढून टाका.

दुसरं, बफर दुसऱ्या फंक्शनला पाठवून तिथे साइझऑफ (आकार सांगणारी सोय) लावला तर बफरचा नाही, पॉइंटरचा (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) आकार मिळतो. ६४ बिटवर तो ८, म्हणजे एफगेट्स ७ अक्षरं वाचून थांबतं आणि 'लांब नावं तुटतात' अशी तक्रार येते. आकार वेगळा पाठवा. आणि ५१२ च्या बफरमध्ये ५११ च अक्षरं मावतात, शेवटचा बाइट शून्याचा.

२०११ च्या सी मानकातून गेट्स काढूनच टाकलं आहे. तरी जुनं मानक निवडून कंपाइल केलं तर पुष्कळ ठिकाणी अजून चालतं, फक्त लिंक होताना इशारा येतो. तो इशारा गाळून टाकणाऱ्या मेकफाइली (कंपाइल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइली) आधी शोधा.