मदत हवी आहे : चिमी गेल्यापासून भोलू जेवत नाही

ओसरी (धागाकर्ती)
आमची कुत्री चिमी गेली. पायाला जखम झालेल्या अवस्थेत ती रस्त्याच्या कडेला सापडली होती. कोणी नुसता हात वर केला तरी डोळे मिटून जमिनीला चिकटणारा तो जीव हळूहळू इतका निर्धास्त झाला, की पुढे दाराची कडी वाजली तरी तिची झोप मोडत नसे. तिच्या जाण्याबद्दल बोलायला गेले की समोरचा दोन वाक्यांत विषय बदलतो, म्हणून येथे लिहिते आहे. मात्र प्रश्न माझ्या दुःखाचा नाही, भोलूचा आहे. तो तिच्या अंथरुणावर हनुवटी टेकून पडून असतो आणि जेवण पुढे ठेवले तर हुंगून मान फिरवतो. घरच्यांचे म्हणणे असे, की तिचे अंथरूण, गळ्यातला पट्टा आणि ताटली नजरेआड केली की तो सावरेल. मला ते अंथरूण उचलवत नाही, कारण त्याला अजून तिचा वास आहे. वस्तू ठेवाव्यात की काढून टाकाव्यात, एवढेच अनुभवी लोकांनी सांगावे. ‘काळ हेच औषध’ हे उत्तर मला आधीच पुष्कळ मिळाले आहे.

शेवंती
ताई, वाचून गलबलून आले. माझे स्पष्ट मत आहे, की लगेच एखादे निराधार पिल्लू घरी आणावे. आमच्याकडे थोरली कुत्री गेली तेव्हा धाकटी अशीच सुकत चालली होती. पिल्लू येताच ती त्याच्यामागे फिरू लागली आणि जेवूही लागली. एका जिवाला घर मिळेल ते वेगळेच.

उंबरठा
उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. भोलू कुत्रा आहे की बोका, हेच तुम्ही लिहिलेले नाही. बोका असेल तर आजच दवाखाना गाठा, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. कुत्रा असेल तर त्याचे वय काय, तो पाणी पितो का, उलट्या होतात का आणि किती दिवस जेवलेला नाही, हे सांगावे. सुदृढ प्रौढ कुत्र्यानेही २४ तासांहून अधिक काळ काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना विचारावे.

ओसरी
भोलू कुत्राच आहे, मला वाटले ते लक्षात येईल. प्रौढ आहे, म्हातारा नाही. पाणी पितो, उलटी नाही. अगदी उपाशी नाही; हाताने भरवले तर चार घास घेतो आणि थांबतो. पिल्लाचा विचार आत्ता करवत नाही. माझा प्रश्न अंथरुणाचा होता.

नदीकाठ
शेवंतीताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला सरसकट देऊ नये. दुःखात असलेल्या कुत्र्यापुढे दुडदुडणारे पिल्लू आणून ठेवले की कधी त्याला आधार वाटतो, तर कधी तो गुरगुरून कोपरा धरतो, आणि मग त्या पिल्लाची आबाळ होते. शिवाय चिमीची जागा ‘भरून काढायला’ आणलेल्या पिल्लावर आपण नकळत चिमी होण्याची सक्ती करतो. ओसरी, अंथरूण मुळीच काढू नका. कुत्र्याचे जग वासावर चालते. तो वास एकाएकी नाहीसा करणे म्हणजे त्याच्याकडून तिला दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय.

शेवंती
मी अनुभव सांगितला, सक्ती केली नाही. पिल्लाची आबाळ होईल हे तुम्ही गृहीत कसे धरता?

तळटीप
कुत्र्यांना दुःख होते की केवळ दिनक्रम बिघडल्याने ती बावरतात, यावर वाद होत असतो, म्हणून माहिती देतो. इटलीतील ४२६ श्वानपालकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातला एक कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्याच्या वागण्यात फरक पडल्याचे ८६ टक्के पालकांनी सांगितले. माणसाचे लक्ष अधिक मागणे, खेळणे कमी होणे, झोप वाढणे, जेवण घटणे असे ते बदल होते. दोघे किती काळ एकत्र राहिले यापेक्षा त्यांचे नाते कसे होते, याचा संबंध अधिक दिसला. पालकाचे दुःख जितके तीव्र, तितके त्या कुत्र्याचे भय आणि जेवणातली घट अधिक, असेही त्यात आढळले. अर्थात ही माहिती पालकांनीच दिलेली असल्याने दुःखी माणसाला आपला कुत्राही अधिक दुःखी दिसत असेल, ही शक्यता उरतेच.
ओसरी, ‘प्रश्न माझ्या दुःखाचा नाही’ हे तुमचे वाक्य मला पटले नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, त्याची मांडणी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली, आणि पाळलेल्या प्राण्याचा मृत्यू हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. तुम्ही रडलात तर भोलूचे नुकसान होणार नाही.

उंबरठा
एक प्रश्न अजून कोणीच विचारलेला नाही. चिमी कशाने गेली?

ओसरी
ते लिहिणे जड जाते. ती काही दिवस मलूल होती, मग नाकातून रक्त येऊ लागले, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. रक्ताच्या तपासणीचा निकाल हाती येण्यापूर्वीच ती गेली. याचा भोलूशी काय संबंध?

उंबरठा
संबंध असू शकतो. नाकातून रक्त आणि पांढऱ्या हिरड्या ही एर्लिकियाच्या, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या तापाच्या, जुनाट अवस्थेतली लक्षणे असू शकतात. हा जंतू शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे दबा धरून राहतो, त्यामुळे रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात तो उशिरा डोके वर काढू शकतो. इतर आजारांतही असे होते, म्हणून मी निदान करत नाही. हा ताप एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे स्पर्शाने जात नाही, पण घरातली गोचीड दोघांनाही चावू शकते. भोलूच्या हिरड्या पाहा, कानांच्या आत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत बोटे फिरवून पाहा, आणि रक्ततपासणीत प्लेटलेट मोजून घ्या.

नदीकाठ
माफ करा, पण प्रत्येक दुःखाला रोग ठरवण्याची ही घाई मला योग्य वाटत नाही. तो तिच्या अंथरुणावर पडून राहतो, याहून स्पष्ट काय हवे?

उंबरठा
तो दुःखी नाही असे मी म्हटलेले नाही. दुःखी कुत्रा आजारीही असू शकतो, आणि दोन्हींत तो जेवण नाकारतो. तपासणीने दुःखाचा अपमान होत नाही.

ओसरी
कळवायला उशीर झाला. भोलूच्या कानात वाटाण्याएवढी फुगलेली एक करडी गोचीड निघाली आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक तपकिरी. प्लेटलेट १ लाखाच्या खाली आल्या आहेत, आणि एर्लिकियाची चाचणीही होकारार्थी आली. डॉक्टरांनी २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सांगितले आहे. उंबरठा, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. चिमीलाही हेच असेल का, हा विचार मनातून जात नाही. आणि अंथरुणाचे काय करू, हा प्रश्न आता अधिकच अवघड झाला आहे.

उंबरठा
चिमीचा निकाल आता आला असेल तर तो मागून घ्या. काय झाले ते कळले की मन रात्रंदिवस तेच उगाळत राहत नाही. अंथरूण मात्र धुवावेच लागेल, कारण तपकिरी गोचीड घरातच, भिंतींच्या भेगांत आणि कापडाच्या शिवणींत वाढते, आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. कडकडीत गरम पाण्याने धुवून पूर्ण सुकवा आणि त्याच जागी परत अंथरा, म्हणजे भोलूची जागा तरी बदलणार नाही. पट्टा न धुता, शिवण नीट तपासून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. वास तुम्हाला हवा आहे, आणि तो हवा असण्यात गैर काही नाही.

नदीकाठ
ओसरी, माझा सल्ला मागे घेतो, अंथरूण धुवा. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. चार घास भरवून मग द्या आणि वर पाणी पाजा. जेवताना त्याच्याजवळ जमिनीवर बसा.

शेवंती
पिल्लाचे मीही आता म्हणणार नाही. घर गोचिडीमुक्त झाल्याशिवाय कोणताही नवा जीव आणू नये. ताई, दुसऱ्या रक्ततपासणीनंतर प्लेटलेट किती आल्या ते येथे नक्की लिहा.