फुटबॉलबद्दल नीट काहीतरी वाचायला-ऐकायला कुठे मिळेल? (ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलण्याच्या, अफवा सोडून)

गनर_डोंबिवली:
मंडळी, सल्ला हवाय. मी आर्सेनलवाला. प्रीमियर लीग नियमित बघतो, चॅम्पियन्स लीग जागरण जमेल तशी. मॅच संपली की त्याबद्दल काहीतरी धड वाचावंसं वाटतं, म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये आपला लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) एकदम मधे येऊन का खेळायला लागला, समोरच्यांनी प्रेसिंग (बॉल हिसकावायला अंगावर धावून जाणं) का सोडलं, असलं काहीतरी. आणि फोन उघडला की समोर काय येतं? अमक्याने कुठल्या क्लबचा फोटो लाईक केला, तमक्याची बायको माद्रिदमध्ये घर बघतेय, अमक्याचा आठवड्याचा पगार किती. आपल्या मराठी पोर्टलवर तर फुटबॉल म्हणजे मेस्सी, रोनाल्डो आणि त्यांच्या गाड्या, बस्स. ज्याने नव्वद मिनिटं मिडफिल्ड ओढलं त्याचं नावसुद्धा येत नाही हो कुठे. खरंच राग येतो.
इंग्लिश चालेल, मराठी मिळालं तर सोन्याहून पिवळं. पैसे भरून घेण्यासारखं काही आहे का? पॉडकास्ट? आणि भारतीय फुटबॉल तुम्ही लोक कुठे फॉलो करता?

थ्रो_इन:
ट्रान्सफर पूर्ण टाळणं काही शक्य नाही, त्यामुळे त्या बातम्या वाचायच्या कशा ते आधी सांगतो. बीबीसी रोज एक गॉसिप कॉलम देते. त्यात बीबीसीची स्वतःची बातमी नसते, बाकीच्यांनी काय छापलंय ते एकेका ओळीत देतात आणि ओळीच्या शेवटी कंसात ते कोणाचं आहे ते लिहितात. तुम्ही तो कंस आधी वाचा आणि मग ओळ. होतं काय, की तीच ओळ तासाभरात आपल्याकडे "बीबीसीच्या वृत्तानुसार" म्हणून फिरायला लागते आणि कंस वाटेत कुठेतरी गळून पडलेला असतो, म्हणजे बार्सिलोनातल्या एखाद्या पेपरने मारलेला अंदाज डोंबिवलीत पोचेपर्यंत पक्की बातमी झालेला असतो.
स्पेनमध्ये पेपर सरळ सरळ वाटलेले आहेत. मार्का आणि आस माद्रिदकडचे, मुंडो डेपोर्तिवो आणि स्पोर्त बार्सिलोनाकडचे. एकाच क्लासिकोचं (रिअल माद्रिद-बार्सिलोना मॅचचं) दुसऱ्या दिवशीचं पहिलं पान दोन्हीकडचं शेजारी ठेवून बघा, पेनल्टी होती की नव्हती यावरच दोन वेगळ्या मॅच झाल्यासारखं वाटतं. शिवाय बातमीने फायदा कोणाचा होतोय तेही बघायचं. कॉन्ट्रॅक्ट संपत आलेल्या खेळाडूच्या मागे अचानक चार मोठे क्लब लागले की बहुतेक वेळा एजंटला पगारवाढ हवी असते.
आता वाचायचं काय. गार्डियन फुकट आहे, मॅच रिपोर्ट चांगले असतात आणि त्यांचा फुटबॉल वीकली पॉडकास्ट लोकलमध्ये ऐकायला एकदम बेस्ट. पैसे भरणारच असाल तर द अ‍ॅथलेटिक घ्या. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलं ते. मोठ्या क्लबांसाठी त्यांचा वेगळा माणूस असतो जो वर्षभर तोच क्लब बघतो, त्यामुळे तुमच्या लेफ्ट बॅकचं उत्तर तिथे मिळायची शक्यता सगळ्यात जास्त.

मडगावचो_भुरगो:
भारतीय फुटबॉलचं विचारलंत म्हणून लिहितो, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.
२२ ऑक्टोबर २०२५, रोनाल्डोची सौदी टीम अल नासर आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आली. एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई स्पर्धेत एफसी गोवाच्या गटात अल नासर आल्यापासून मॅचच्या दिवसापर्यंत एकच विषय, रोनाल्डो येणार का, विमानात बसला का, नाव यादीत आहे का. तो आला नाही. ठीक आहे, त्याचा निर्णय. पण मग मॅच? अर्ध्या तासाच्या आत गोवा दोन गोलने मागे, आता पाच-सहा पडणार असं सगळ्यांना वाटत असताना हाफटाइमच्या जरा आधी ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला. गोव्याचाच पोरगा! स्टेडियम अक्षरशः हललं. शेवटी १-२ ने हरलो, पण सौदीच्या त्या टीमसमोर शेवटपर्यंत मॅचमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी बाहेरचे पेपर-चॅनल चाळले तर जो आला नाही त्याचीच चर्चा जास्त.
गोवा त्या गटात पोचला कसा हे किती जणांनी सांगितलं? मे महिन्यात सुपर कप जिंकला, मग ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला प्लेऑफमध्ये हरवलं, फातोर्ड्यातच. केवढी मोठी गोष्ट आहे ही. त्याआधी २०२१ ला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये खेळलेला पहिला भारतीय क्लब आमचाच, कतारच्या अल रय्यानशी ०-० केलं होतं.
सल्ला असा की आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि बाकीच्या भारतीय लीगसाठी खेल नाऊ ही वेबसाइट बघा. मराठीत हवं तर गोमन्तकचं क्रीडा पान, गोव्यातल्या स्थानिक लीगच्या बातम्याही असतात. तिकडे स्टार येवो न येवो, मॅच झाली की बातमी येते.

बालेवाडी_स्टँड:
+१. आमच्याकडे हेच नेमारचं झालं. तो १७ ऑक्टोबर २०२३ ला ब्राझीलकडून खेळताना जखमी झाला आणि त्याच्या तेव्हाच्या सौदी क्लबची, अल हिलालची, मुंबई सिटीशी इथे व्हायची मॅच होती, तिच्यातला लोकांचा रसच गेला. मुंबई सिटी रियाधमध्ये ६-० ने हरली होती, दोन आठवड्यांनी नवी मुंबईत ०-२. सहाचे दोन कसे झाले, डिफेन्समध्ये काय बदललं, हे कोणी विचारायला नको का कोचला? मला अजूनही ते कुठे सविस्तर वाचायला मिळालेलं नाही.

कॉप_कल्याण:
कोणाचं वाचायचं नाही हेही सांगायला हवं. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट एफए कप सेमीफायनल. गर्दीत चेंगरून माणसं गेली, आज तो आकडा ९७ आहे. चार दिवसांनी द सन या पेपरने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "सत्य" म्हणून छापलं की लिव्हरपूलच्या फॅन्सनी मेलेल्यांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. २०१२ च्या चौकशी अहवालाने ते खोटं ठरवलं आणि २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं की या माणसांचा बेकायदेशीरपणे जीव घेतला गेला, फॅन्सचा काही दोष नव्हता. घरच्यांना सत्तावीस वर्षं भांडावं लागलं त्यासाठी. लिव्हरपूल शहरात तो पेपर आजही खूप लोक हातात धरत नाहीत, आणि २०१७ पासून क्लबने त्यांच्या पत्रकारांना मैदानावर बंदी घातलीय. मी त्यांची लिंक उघडत नाही आणि कोणी ग्रुपवर टाकली तर काढायला सांगतो.

पेठेतला_स्ट्रायकर:
भावा, मराठी पायजे असंल तर कोल्हापूर आवृत्तीचे पेपर बघ की. सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा रिपोर्ट येतो, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली मॅच असली तर लै मोठा. कितव्या मिनिटाला कुणी पास दिला, कुणाचा फटका गोलकीपरनं अडवला, बदली कोण आला, नावानिशी. हे व्यावसायिक फुटबॉल न्हाई, मान्य, पण लिहिणारा स्वतः स्टँडात बसून मॅच बघतोय हे वाचताना कळतं. आयएसएलबद्दल मराठीत असं एक पान आलं तरी मी रोज पेपर विकत घेईन.

गनर_डोंबिवली:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कंसाची युक्ती आजपासून सुरू. एक शेवटचं, हे एक्सजी सगळीकडे दिसतं, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

थ्रो_इन:
एक्सजी म्हणजे तसल्या जागेवरून, तशा परिस्थितीत मारलेला फटका गोल व्हायची शक्यता किती. पेनल्टीला ०.८ च्या जरा खाली धरतात, बॉक्सच्या बाहेरून मारलेल्या बहुतेक फटक्यांना ०.१ सुद्धा नाही. एका मॅचचा आकडा बघून निकाल "अन्याय्य" म्हणू नका, कारण दोन गोलने पुढे असलेली टीम मागे बसते आणि दुसरी लांबून फटके मारत राहते, तिचा आकडा फुगतो. दहा-पंधरा मॅचचा एकत्र बघितला तर उपयोग होतो. अंडरस्टॅट या साइटवर शॉट मॅप (कोणी कुठून फटका मारला त्याचे नकाशे) फुकट आहेत.
आणि एक करून बघा. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच लाईव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवत नाहीत, तीनच्या मॅच तिथल्या माणसाला घरी बसून बघताच येत नाहीत. आपल्याला दिसतात, उन्हाळ्याच्या वेळेत साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला. त्यातली आपल्या टीमची नसलेली एखादी अख्खी बघा, बोर्नमथ-ब्रेंटफर्ड असली तरी चालेल, फोन बाजूला ठेवून, आणि मग तिचाच गार्डियनमधला रिपोर्ट वाचा. लिहिणाऱ्याने काय पकडलं आणि काय सोडलं ते लगेच लक्षात येतं. या शनिवारी कुठली बघताय ते इथे लिहा, मीही तीच लावतो.