क्लाइंब रेट घोकणं पुरे, आधी ग्रेडियंट शिकवा

आकाशवेडा (धागाकर्ता)

मे महिना, दुपारचे दोन, विदर्भातली हजार फूट उंचीवरची एक धावपट्टी. सेस्ना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान, टाक्या काठोकाठ भरलेल्या. मॅन्युअलमधला आकडा मला तोंडपाठ होता: समुद्रसपाटीला, पूर्ण वजनाला, मिनिटाला ७३० फूट. चाकं सुटली, सर्वांत जास्त क्लाइंब रेट देणारा ७४ नॉटचा (ताशी ७४ नॉटिकल मैल) वेग धरला आणि क्लाइंब रेटची सुई जेमतेम पाचशेवर जाऊन थांबली. समोर बाभळींची रांग, तिच्यामागे हाय टेन्शनच्या तारा. तारा खालून गेल्या, पण इतक्या जवळून की खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर मला एकेक दिसले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. आपल्याकडे क्लाइंब रेट घोकून घेतात आणि ग्रेडियंट परीक्षेपुरता उरतो. रेट सांगतो एका मिनिटात किती फूट. तारांशी गाठ पडते ती मैलात किती चढलो यावर.

हिशेब बघा. ७३० फूट आणि ७४ नॉट, म्हणजे नॉटिकल मैलाला ५९० फूट. त्या दुपारी पारा ४५ वर होता. हजार फूट उंचीला प्रमाण तापमान १३ अंश, आणि त्यावरच्या दर अंशाला हवा आणखी साधारण १२० फूट उंचावरच्यासारखी विरळ धरायची. म्हणजे इंजिन आणि पंखांच्या लेखी आम्ही ४,८०० फुटांवरून उडत होतो. एवढ्या विरळ हवेत काट्यावर ७४ असताना खरा वेग ७९-८० असतो. पाचशेच्या रेटला मैलाला ३८० फूट पडले. रेट जेवढा घटला त्याहून ग्रेडियंट जास्त घटला, आणि नुसती सुई बघणाऱ्याला ते कळतच नाही.

जुना इन्स्ट्रक्टर

अनुभव खरा आहे, निष्कर्ष पटला नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात एकदा ग्रेडियंट बसला की तो नाक उचलतो. त्याच विमानात सर्वांत तीव्र चढाचा वेग ६२ नॉट आहे आणि फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) न उघडता स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, ४८ ला. मध्ये उरतात चौदा नॉट. नाक एवढं वर की समोरचं काही दिसत नाही, इंजिनाला वारा कमी मिळतो, तेलाचं तापमान चढतं. अशात इंजिन बंद पडलं तर नाक खाली दाबायला हातात किती सेकंद असतात, हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. अडथळा असेल तेव्हा ६२, तो ओलांडला की लगेच ७४. सवय मात्र ७४ चीच हवी.

दुसरं म्हणजे ग्रेडियंट दाखवणारा काटा आपल्या विमानात नसतो. रेटचा असतो, तोही काही सेकंद मागे चालतो. म्हणून मी उलटं शिकवतो: मैलाला २०० फूट लागणार असतील आणि जमिनीवरचा वेग ९० नॉट असेल, तर साठाने भागा, दोनशेने गुणा. सुई तीनशेच्या खाली जाता कामा नये. रेट कळला नाही तर ग्रेडियंट वापरणार कशाने?

भोरघाट

मी एअरलाइनमध्ये परफॉर्मन्सचं, म्हणजे विमान किती वजन घेऊन उडू शकेल या हिशेबाचं काम करते. आमच्याकडे प्रश्न वेगळा असतो: टेकऑफला एक इंजिन गेलं तर काय? दोन इंजिनांच्या जेटला चाकं वर घेतल्यावर किमान २.४ टक्के चढ दाखवावा लागतो. कर्जत-लोणावळा रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. बँकर (मदतीची जादा) इंजिनं लावून जी गाडी घाट चढते, तिच्यापेक्षाही हा चढ सौम्य. एवढ्यासाठी आम्ही किलो-किलो मोजतो.

लेहची धावपट्टी १०,६०० फुटांच्याही वर. पारा २० वर गेला की हवा जवळपास १३,८०० फुटांवरची होते. तिथली विमानं बहुतेक सकाळीच उरकतात, त्यामागे दुपारच्या वाऱ्याइतकाच हा हिशेबही आहे.

धागाकर्त्यांशी सहमत, पण एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. चढायला लागते ती उरलेली शक्ती. १,१५७ किलो वजन मिनिटाला ७३० फूट उचलायला १८० पैकी फक्त ५६ अश्वशक्ती कामी येते. बाकीची प्रोपेलरमध्ये आणि विमान हवेत तरंगतं ठेवण्यात जाते. उन्हाने इंजिनाची ताकद थोडी घटली की ती थेट या ५६ मधून वजा होते. दोनपैकी एक इंजिन गेल्यावर चढण्याची क्षमता निम्मी उरण्याऐवजी तिच्यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास का नाहीशी होते, तेही यातच आहे.

कामशेतची हवा

आम्ही पॅराग्लायडरवाले, इंजिनच नाही. पण वाऱ्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. स्थिर वाऱ्याने रेट बदलत नाही, जमिनीवरचा चढ बदलतो. धागाकर्त्यांच्याच आकड्यांत दहा नॉट समोरून धरले तर मैलाला ४३५ फूट, मागून धरले तर ३३७. त्या दुपारी वारा कुठून होता?

आकाशवेडा

मागून, पाचेक नॉट. दुसऱ्या टोकापर्यंत टॅक्सी करायची नव्हती म्हणून तसाच टेकऑफ घेतला. म्हणजे ३८० सुद्धा मिळाले नव्हते, ३५५ च. ही चूक माझी, आणि आज तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदा मांडून बघितली.

जुने इन्स्ट्रक्टर, साठाने भागायचं तुमचं गणित मी गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून घेतलंय. तरी मुद्दा सोडत नाही: तो २०० चा आकडा आधी ठरला तरच सुईला अर्थ येतो.

जुना इन्स्ट्रक्टर

आधी ठरवा, जमिनीवर. हवेत वेग धरा. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

पहिली सोलो

माझं उद्या सकाळी पावणेसातचं उड्डाण आहे, तीच हजार फूट उंचीवरची धावपट्टी. २८ अंश धरून मी हवा २,८०० फुटांवरची काढलीय. बरोबर आहे का? दुपारी दोनचा स्लॉटही रिकामा होता, तो आत्ताच फोन करून नको म्हणून सांगितलं.