वेव्हलेटची व्याख्या इनर प्रॉडक्टची, मग कोडमध्ये कन्व्होल्युशन का?

ईएनटीसी_लास्ट_इयर: नमस्कार मंडळी, ईसीजीमधले क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याचा टोकदार भाग) शोधायचा प्रोजेक्ट करतोय, डेटा एमआयटी-बीआयएच या ईसीजी संग्रहाचा, ३६० हर्ट्झवाला (सेकंदाला ३६० सॅम्पल). पुस्तकात लिहिलंय की सिग्नल आणि सरकवलेलं, ताणलेलं वेव्हलेट (छोटी, लवकर विरणारी लाट) यांचा इनर प्रॉडक्ट (जागोजागी गुणून केलेली बेरीज) म्हणजे वेव्हलेट ट्रान्सफॉर्म, पण कोड बघावा तर सरळ कन्व्होल्युशन मारलंय. त्यात पण सरकवत गुणून बेरीजच होते, पण एक फंक्शन आधी उलटं होतं ना? मेक्सिकन हॅट या वेव्हलेटला दोन्हीकडून सेम उत्तर आलं त्यामुळे अजूनच गोंधळ झालाय.

आकडेमोड: मेक्सिकन हॅट आरशात पण तशीच दिसते, म्हणून फरक कळला नाही तुला. कागदावर करून बघ, वेव्हलेट समज ३, −१, −२ आणि सिग्नलमध्ये नेमका तोच तुकडा आलाय. इनर प्रॉडक्ट ९+१+४ = १४. कन्व्होल्युशन मात्र वेव्हलेट उलटं लावणार, −२, −१, ३, आणि त्याच जागी येणार −६+१−६ = −११. जिथे सगळ्यात भारी जुळतंय तिथेच मायनस! म्हणून वेव्हलेट आपणच आधी उलटवून द्यायचं, कन्व्होल्युशन ते परत उलटवतं म्हणजे सरळ होतं, आणि प्रत्येक जागेवरचा इनर प्रॉडक्ट एकदम हातात येतो.

मोर्लेप्रेमी: वरचं बरोबर, फक्त कॉम्प्लेक्स वेव्हलेट असेल तर कॉन्जुगेट पण घ्यायचा (काल्पनिक भागाचं चिन्ह बदलायचं). मोर्ले या कॉम्प्लेक्स वेव्हलेटची गंमत अशी की त्यातला कोसाइनचा भाग सम (उलटवला तरी तोच) आणि साइनचा विषम (उलटवला की चिन्ह बदलतं), त्यामुळे उलटवून कॉन्जुगेट घेतला की परत मोर्लेच मिळतं, म्हणून बऱ्याच कोडमध्ये यातलं काहीच केलेलं नसतं तरी उत्तर बरोबर येतं. तोच कोड मी डॉबेशी वेव्हलेटला लावला आणि दोन दिवस चूक शोधत बसलो होतो. हार वेव्हलेट उलटवलं की नुसतं चिन्ह बदलतं, डॉबेशीचा आकारच वेगळा होतो. पायथनच्या नमपाय लायब्ररीतलं कोरिलेट वापर, ते उलटवत नाही आणि दुसऱ्या ॲरेचा कॉन्जुगेट स्वतःच घेतं. पण तुझ्या एकेका रेकॉर्डमध्ये साडेसहा लाख सॅम्पल आहेत, मोठ्या स्केलला (वेव्हलेट जास्त ताणलं की) ते रखडेल, तिथे उलटवलेलं वेव्हलेट देऊन एफएफटीने (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मने) कन्व्होल्युशन कर. कन्व्होल्युशनच्या भाषेत मांडण्याचा खरा फायदा हाच.

ईएनटीसी_लास्ट_इयर: जमलं!! हाताने काढलेल्या आकड्यांशी डीबी४ (डॉबेशीचाच एक प्रकार) पण जुळलं. डिस्क्रीट वेव्हलेट ट्रान्सफॉर्ममध्ये पण हेच का?

आकडेमोड: हो, स्तेफान मला (Mallat) यांच्या १९८९ च्या पद्धतीत उलटवलेल्या फिल्टरशी कन्व्होल्युशन करून एकाआड एक सॅम्पल सोडतात. पायवेव्हलेट्स या पायथन लायब्ररीत डीबी२ चे डेक-लो (सिग्नल तोडायचा फिल्टर) आणि रेक-लो (परत जोडायचा फिल्टर) प्रिंट कर, तेच चार आकडे उलट्या क्रमाने दिसतील.