‘ॲक्सेसरी पाथवे’ला मराठीत काय म्हणावं?

लहान मुलांच्या ईसीजीबद्दल पालकांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. ‘ॲक्सेसरी पाथवे’पाशी, म्हणजे काही मुलांच्या हृदयात विजेला असलेल्या जास्तीच्या वाटेपाशी, अडले. ‘साहाय्यक मार्ग’ म्हणावं, तर ही वाट साहाय्य कुणाला करते? मला ‘चोरवाट’ सुचतंय. जाणकारांनी सांगावं.

—

‘साहाय्यक’ नकोच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली यायला विजेला एकच दार असतं, एव्ही नोड. तिथे ती क्षणभर थबकते. अशी वाट असलेल्या मुलांत जन्मापासून स्नायूचा एक बारीक धागा राहिलेला असतो, त्यातून ती न थांबता खाली उतरते. म्हणून ईसीजीत पीआर अंतर, म्हणजे वीज वरून खाली यायला लागणारा वेळ, आखूड दिसतं आणि क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरताना उमटणाऱ्या लहरीची, सुरुवातीची चढण तिरकी, ओघळल्यासारखी होते. ती डेल्टा लहर. वोल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णन केला तो प्रकार हाच.

‘चोरवाट’ अर्थाला छान बसतो. पण काही वाटा वीज फक्त खालून वर नेतात आणि नेहमीच्या ईसीजीत त्यांची खूणच उमटत नाही. त्यांना ‘कन्सील्ड’ म्हणतात. सगळ्याच चोरवाटा झाल्या तर या खऱ्या लपलेल्यांना काय म्हणायचं? शिवाय आईबाप आधीच धास्तावलेले असतात, त्यांच्या कानावर ‘चोर’ कशाला? मी ‘जादा वाट’ म्हणेन.

—

‘आडवाट’?

—

आडवाट लांबची, वळणाची. इथे तर वीज वेळेआधी पोचते.

—

पटलं. आणि ‘लोकलायझेशन’, म्हणजे ही वाट हृदयात कुठे आहे ते शोधणं? मी ‘स्थाननिश्चिती’ लिहिलंय.

—

‘निश्चिती’ काढा, कळकळीने सांगते. व्ही१ मध्ये, म्हणजे छातीवरच्या पहिल्या जागेच्या नोंदीत, डेल्टा लहर वर असेल तर वाट बहुधा डावीकडे, खाली असेल तर उजवीकडे किंवा हृदयाच्या दोन बाजूंमधल्या पडद्यालगत. हा अंदाज फार मोलाचा, कारण उपचारासाठी तार डावीकडे न्यायची तर अनेकदा पडद्याला छिद्र पाडावं लागतं, आणि वाट एव्ही नोडला चिकटून असेल तर उपचारात तो नोडच दुखावण्याची भीती. पण मुलांचा एव्ही नोड वीज झपाट्याने नेतो, त्यामुळे डेल्टा लहर कधीकधी पुसटच दिसते. एब्स्टीनचा दोष (हृदयाच्या उजव्या झडपेतला जन्मजात दोष) असलेल्या मुलांत तर कधीकधी एकाहून अधिक वाटा सापडतात. पावलांचे ठसे बघून माणूस कुठून गेला ते ताडतात, तसं हे काम. ‘माग काढणे’ लिहा.

—

मग वाक्य असं करते: ‘ईसीजीवरून जादा वाटेचा माग काढतात, नेमकी जागा हृदयात बारीक तारा घालून तपासल्यावर कळते.’ ‘छुपी वाट’ कन्सील्डसाठी राखून ठेवली.