एका माणसाचं गाव, जनगणनेत मात्र दोन!

आकडेमोड्या: अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, शेजारच्या साउथ डकोटा राज्याच्या हद्दीजवळ मोनोवाय नावाचं गाव आहे. १९३० च्या दशकात दीडशे वस्ती होती. २००० च्या जनगणनेत उरले दोघे, नवरा-बायको. २००४ मध्ये नवरा गेला आणि २०१० ला लोकसंख्या १. बाईच महापौर, बाईच कारकून, बाईच खजिनदार आणि गावातल्या एकुलत्या एका टॅव्हर्नच्या, म्हणजे दारू-जेवणाच्या खानावळीच्या, मालकीणही. दारूच्या परवान्याचा अर्ज स्वतः करायचा, मंजूर स्वतःच करायचा!

इथवर मजा आहे. पण २०२० च्या जनगणनेत आकडा छापला २. दुसरं कुणी राहायला आलंच नव्हतं, जनगणना खात्यानेच आकडा मुद्दाम हलवला होता. एक माणूस धड मोजून छापता येत नसेल तर बाकीच्या गावांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? माझ्या मते हे सरकारी खोटं आहे.

पारावरचा: साफ असहमत. एका माणसाच्या गावाचा तक्ता म्हणजे त्या माणसाची कुंडलीच. वय, वंश, घर भाड्याचं की मालकीचं, सगळं उघडं. तिथल्या कायद्याने एकेकट्याची माहिती ७२ वर्षं बंद ठेवावी लागते, म्हणून छोट्या वस्त्यांच्या आकड्यांत थोडी भेसळ करतात. राज्याची एकूण संख्या मात्र जशीच्या तशी ठेवतात.

आकडेमोड्या: अहो, त्या बाईंच्या मुलाखती जगभर छापून आल्यात. कसलं गुपित राहिलंय?

पारावरचा: मुलाखत त्यांनी आपणहून दिली. जनगणनेला उत्तर देणं सक्तीचं असतं. यातला फरक कळत नसेल तर माझा नमस्कार.

नांगरफाळ: तुम्ही दोघं डोकी मोजत बसा. १९६७ ते ७० च्या दरम्यान पोस्ट आणि शेवटचं किराणा दुकान बंद झालं, १९७४ ला शाळा. म्हणून जमीन ओसाड पडली का? नाही. यंत्रं आली, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागू लागली. त्या टॅव्हर्नमध्ये जेवायला येतात ते आजूबाजूचे शेतकरी आणि वाटसरू. गिऱ्हाईक सगळं हद्दीबाहेरचं! मग ‘गावाचं दरडोई उत्पन्न’ या रकान्याला अर्थ काय उरला? १ छापा नाहीतर २.

आकडेमोड्या: उत्पन्नाचं मान्य. पण मग गाव म्हणून दप्तरात ठेवायचं तरी कशाला? काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, विलीन करून टाका.

तलाठीतात्या: आपल्या महसूल दप्तरात ओस पडलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. जळून राख झालेलं नव्हे हो, बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. वस्ती शून्य झाली तरी नाव, शीव आणि गट नंबर कायम राहतात. इथे तर बाई स्वतःवर वर्षाला सुमारे ५०० डॉलर कर बसवतात, गावातले रस्त्यावरचे चार दिवे आणि पाणी चालू राहावं म्हणून. विलीन कशाला करता?

आकडेमोड्या: तात्या, दिव्यांचं पटलं. २ चं अजून नाही.