मदत हवी आहे: ओबामांचं कालचं भाषण (९ सप्टेंबर २००९) आणि प्री-एक्झिस्टिंग कंडिशन (आधीपासून असलेला आजार)

काल अमेरिकन काँग्रेससमोरचं (म्हणजे तिथल्या संसदेसमोरचं) ओबामांचं हेल्थकेअरवरचं भाषण ऐकलं का कुणी? माणूस बोलतो झकास, पण माझा गोंधळ वाढलाच. मध्येच तो रिपब्लिकन खासदार, जो विल्सन, 'यू लाय' (खोटं बोलताय) म्हणून ओरडला आणि आज ऑफिसात सगळे त्यावरच बोलतायत, मुद्द्याचं कोणी बोलेना.

तर प्रश्न असा, की आम्ही एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, बायकोला डायबेटिस आहे, माझी नोकरी जायची चिन्हं आहेत. गेली तर कोब्रा (नोकरी गेल्यावरही कंपनीचाच इन्शुरन्स काही काळ चालू ठेवायची सोय) घेता येईल पण प्रीमियम आपल्याच खिशातून, आणि स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेलं की फॉर्मवर डायबेटिसला टिक केली की बहुतेक राज्यांत सरळ नकार. ओबामा म्हणाले की आधीच्या आजारावरून इन्शुरन्स नाकारणं बेकायदा करणार, पण एक्स्चेंज (इन्शुरन्स विकत घ्यायचा नवा बाजार) सुरू व्हायला चार वर्षं! तोवर काय करायचं? बेकायदा राहणाऱ्यांना यात काही नाही हे त्यांनी स्पष्ट केलं (त्यावरच तो ओरडला), पण आपल्यासारखे व्हिसावाले कशात मोडतात?

स्टेटच्या हाय-रिस्क पूलमधून (आजारामुळे नकार मिळालेल्यांसाठीच्या राज्याच्या योजनेतून) कुणी इन्शुरन्स घेतलाय का? वेटिंग पिरियड किती असतो? प्लीज अनुभव सांगा, राजकारणावरचा वाद नंतर घालू.